‘आई-बाप ठणठणीत आहेत’ म्हणून ब्रीडर सुटत नाही

प्रश्न : आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. चौदा महिन्यांपूर्वी कराडजवळच्या एका ब्रीडरकडून ४५ दिवसांचं लॅब्रेडॉरचं पिल्लू २८,००० रुपयांना घेतलं. निम्मे पैसे रोख, निम्मे फोनवरून दिले. बिल नाही, ‘विकलेलं पिल्लू परत घेतलं जाणार नाही’ असा शिक्का मारलेली चिठ्ठी तेवढी आहे. एरवी ब्रुनो झकास असतो. पण गेल्या चार महिन्यांत चेंडूमागे दहा मिनिटं पळाला की त्याचे मागचे पाय लुळे पडतात आणि तो कोसळतो. अर्ध्या तासात पुन्हा उठून शेपूट हलवतो. डॉक्टरांना आनुवंशिक आजाराचा संशय आहे, डीएनए चाचणी करा म्हणतात. ब्रीडर म्हणतो, ‘तुम्हीच उन्हात पळवलंत. आई-बाप ठणठणीत आहेत, येऊन बघा.’ त्याच जोडीची नवी पिल्लं त्यानं विकायला काढली आहेत. पैसे मिळतील का? पोलिसांत ४२० टाकू का?

उत्तर : नमस्कार. आधी चाचणीवर खर्च करा, वकिलावर नंतर. तुमचं प्रकरण एकाच मुद्द्यावर उभं राहील किंवा पडेल : विक्रीच्या दिवशी पिल्लात दोष होता का? तो दिसला कधी, याला त्या मानानं महत्त्व नाही.

तुम्ही सांगता ती लक्षणं ‘एक्सरसाइज इंड्यूस्ड कोलॅप्स’ या आजाराशी जुळतात. डॉक्टर त्याला ईआयसी म्हणतात. लॅब्रेडॉरमध्ये तो डीएनएम१ या जनुकातल्या बदलामुळे होतो, हे २००८ साली सिद्ध झालं. हे जनुक डायनामिन-१ नावाचं प्रथिन बनवतं. मज्जातंतूच्या टोकाशी रसायनानं भरलेल्या अतिसूक्ष्म पिशव्या असतात. त्या रित्या झाल्या की पुन्हा वापरात आणायला हे प्रथिन लागतं. घरात हिंडता-फिरताना सदोष प्रथिनानंही भागतं. पण कुत्रा उत्तेजित होऊन जोरात पळू लागला, अंग तापलं, की पुरवठा मागणीला पुरत नाही आणि मागचे पाय आधी दगा देतात. म्हणजे पळण्यानं आजार झाला नाही, पळण्यानं तो उघड झाला. ‘तुम्हीच पळवलंत’ याला हेच उत्तर. लॅब्रेडॉर पळणारच, ती काही शोकेसमध्ये ठेवायची जात नाही.

आता आई-बापांकडे वळू. हा आजार व्हायला जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष लागतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. एकच सदोष प्रत असलेला कुत्रा वाहक असतो आणि जन्मभर ठणठणीत राहतो. दोन वाहकांचं मीलन झालं तर प्रत्येक पिल्लाला आजाराच्या दोन्ही प्रती मिळण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के. त्यामुळे ब्रीडर खरं बोलत असेलही, आणि तरी त्याचा बचाव टिकत नाही. ब्रुनोच्या दोन्ही प्रती सदोष निघाल्या तर आई-बाप प्रत्येकी किमान एक सदोष प्रत बाळगून आहेत, हे त्यांच्या रक्ताचा थेंबही न घेता ठरलं. आणि जनुक काही विक्रीनंतर बिघडत नाही. एका अहवालानं दोषाची तारीख जन्मापर्यंत मागे जाते.

ही सोय सगळ्यांना नसते. फिट येणाऱ्या कुत्र्यांत बहुतेक जातींमध्ये एकच जबाबदार जनुक सापडलेलं नाही, त्यामुळे तिथे मालक हात चोळत बसतो. जर्मन शेफर्डमधल्या डिजनरेटिव्ह मायलोपथीची, म्हणजे मज्जारज्जू हळूहळू निकामी होण्याच्या आजाराची, एसओडी१ जनुकाची चाचणी आहे, पण दोन्ही प्रती सदोष असूनही काही कुत्र्यांना आजार होत नाही. होतो तो बहुधा आठ वर्षांच्या पुढे, आणि पक्कं निदान मेल्यानंतर मज्जारज्जू तपासूनच होतं. तोवर कायद्याची मुदत कधीच संपलेली असते. त्या मानानं तुमची बाजू भक्कम आहे.

पण घरी कापसानं लाळ घेऊन पाकीट कुरिअर केलंत तर समोरचा वकील पहिला प्रश्न विचारेल, ‘नमुना याच कुत्र्याचा कशावरून?’ नमुना डॉक्टरांनीच घ्यावा, अर्जावर मायक्रोचिपचा, म्हणजे ओळखीसाठी कातडीखाली बसवतात त्या चिपचा, नंबर असावा. चिप नसेल तर आधी बसवा. गोचीड ताप, हृदयाचे ठोके, रक्तातली साखर हे तपासून वगळल्याची नोंद केसपेपरवर हवी, कारण दोन्ही प्रती सदोष असलेले काही कुत्रे कधीच कोसळत नाहीत आणि ‘हा दुसऱ्याच कशानं पडतो’ असं म्हटलं जाणार. शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात एकदा तपासून आणा. सरकारी कागदाला ग्राहक आयोगात वजन असतं. कोसळतानाचा व्हिडिओ असेल तर जपा, पण पुराव्यासाठी म्हणून त्याला मुद्दाम पळवू नका. काही कुत्रे अशा झटक्यात दगावतात.

कायद्याच्या नजरेत कुत्रा ही जंगम मालमत्ता, म्हणजे ‘माल’. ऐकायला बरं वाटत नाही, पण इथे तेच तुमच्या कामाचं आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होतो. तुम्ही सांगलीत राहता म्हणून तक्रार सांगलीच्या जिल्हा आयोगातच करता येते, साताऱ्याला खेटे नकोत. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. दोष चाचणीशिवाय ठरत नसेल तर आयोग कलम ३८ खाली मान्य प्रयोगशाळेकडे नमुना पाठवू शकतो. खासगी अहवालावर आक्षेप आला तर तसा अर्ज करा. पेरल्यावरच खोटं निघणारं बियाणं आपल्या भागाला नवं नाही. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या २०१२ च्या खटल्यात शेतकरी ग्राहक आयोगात येऊ शकतात, असं सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं. घेताना न दिसणारा दोष म्हणजे दोषच नाही, असं कुणी म्हणू लागलं तर तो निकाल पुढे करा.

त्या शिक्क्याला घाबरू नका. तो परत घेणं नाकारतो. भरपाईची जबाबदारी झटकत नाही. आणि बिल न देणं ही याच कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे. परत देण्याचा विचार मात्र सोडा. वर्षभर सांभाळल्यावर तुम्ही माल स्वीकारला असं धरलं जातं, आणि मालविक्री कायद्याच्या कलम १३ नुसार मग परतीऐवजी नुकसानभरपाईच मागता येते. शिवाय परत गेलेल्या ब्रुनोचं तो काय करेल, हे मला सांगवत नाही. खरेदीची किंमत, उपचार, चाचणी, मनस्ताप आणि तक्रारीचा खर्च मागा. लाखोंची स्वप्नं पाहू नका. खरेदीची रक्कम आणि डॉक्टरांचा खर्च हाती आला तरी चांगलं म्हणेन. हा आजार वाढत जाणारा नाही, धावपळ आवरली तर कुत्रा बरा जगतो. हा मुद्दा समोरचा वकील मांडणारच.

पोलिसांत आज जाऊ नका. ४२० ची जागा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ नं घेतली आहे, पण फसवणुकीला सुरुवातीपासूनचा हेतू लागतो. वाहक कुत्रे निरोगीच दिसतात, म्हणून ‘मला माहीत नव्हतं’ हे त्याचं म्हणणं तिथे टिकेल. ग्राहक आयोगात टिकणार नाही, कारण तिथे दोष पुरेसा असतो, हेतू लागत नाही. अहवाल आला की त्याची प्रत स्पीड पोस्टानं नोटिशीसोबत पाठवा. त्यानंतरही त्यानं तीच जोडी लावून ‘निरोगी वंश’ म्हणून पिल्लं विकली, तर त्याला माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही, आणि मग पोलिसांकडे जायला अर्थ आहे.

दुसरी तक्रार महाराष्ट्र प्राणी कल्याण मंडळाकडे करा, प्रत जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्तांना. २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार ब्रीडरची नोंदणी हवी आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. ४५ दिवस म्हणजे साडेसहा आठवडेसुद्धा नाहीत. बाजारात हा आकडा इतका रुळलाय की विकणारे जाहिरातीतच लिहितात. त्यानं पिल्लाचं वय लिहिलेला मेसेज फोनवर असेल तर पुसू नका. तो पुरावा म्हणून देताना सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडावं लागेल. केनल क्लबचे कागद त्यानं दाखवलेच तर लक्षात ठेवा, ते वंशावळ सांगतात, तब्येतीची हमी देत नाहीत.

व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचं नाव टाकायचा मोह आवरा. अहवालाआधी ‘फसवा’ म्हणालात तर अब्रुनुकसानीची नोटीस तुम्हालाच येईल. त्याऐवजी त्याच वेताची पिल्लं घेतलेली मंडळी शोधा. त्यांच्या अहवालांतही तेच निघालं तर आयोगाच्या परवानगीनं एकत्र तक्रार करता येते.

मुदत दोन वर्षांची. ती पहिल्या झटक्यापासून मोजायला हवी असा युक्तिवाद करता येतो, पण त्यावर विसंबू नका. खरेदीच्या तारखेपासून मोजा, म्हणजे दहा महिने उरले. आणि ती चिठ्ठी ‘बघू, दुरुस्त करून देतो’ म्हणून ब्रीडरनं मागितली तर झेरॉक्स द्या, मूळ कागद घराबाहेर काढू नका.