सात सेंटिमीटरवर अडलेला दिवस

प्रश्न : ताई, माझे वय 27 आहे. तीन महिन्यांपूर्वी पहिल्या बाळंतपणासाठी मी सांगली जिल्ह्यातील माहेरी आले होते. रात्री दोनला पाणी गेले आणि आई-बाबांनी मला गावातील एका खासगी रुग्णालयात नेले. गर्भाशयाचे तोंड सकाळी तीन सेंटिमीटर उघडले, दुपारी पाच, संध्याकाळी सात, आणि तिथेच सारे अडले. सलाइनमधून कळांचे औषध सुरू झाल्यावर दोन कळांच्या मध्ये उसंतच उरली नाही. आईला आत येऊ दिले नाही. मी ओरडले तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "एवढी नाजूक होतीस तर आई कशाला व्हायचे?" रात्री नऊला बाळाचे ठोके कमी झाले म्हणून सिझेरियन केले. डॉक्टरांनी काय ते बाबांना बाहेर सांगितले, मला नाही. टेबलावर माझे सर्वांग थडथडत होते, आपण मरतो आहोत असे वाटले. मुलीला गालाशी आणले तेव्हा मला काहीच वाटले नाही, फक्त झोपावेसे वाटले. आता ती छान आहे. सगळे म्हणतात, सुटलीस एकदाची. पण मी त्या खोलीतून सुटलेलीच नाही. ती दूध पिऊन झोपली तरी मी जागी राहते आणि ते वाक्य ऐकू येते. सहा आठवड्यांच्या लशीसाठी गेले, ती त्या रुग्णालयाच्या दारातूनच परत फिरले. सासूबाई म्हणतात, "तुला कळा कुठे सोसाव्या लागल्या?" पती पुण्याहून दुसऱ्या दिवशी पहाटे पोहोचले, ते म्हणतात, झाले ते विसर. मी कुठे कमी पडले? दुसरे मूल नकोच असे वाटते. बाळाच्या मनगटावरची पट्टी कपाटात आहे. ती बघवत नाही आणि टाकवतही नाही.

उत्तर : तुमचे काहीही चुकले नाही आणि तुम्ही कुठेही कमी पडला नाहीत. हे मी तुमची समजूत घालण्यासाठी म्हणत नाही, त्यामागे शरीराचे साधे कारण आहे. गर्भाशयाचे तोंड ही काही आपल्या हाताची मूठ नव्हे, की मनात आणले आणि उघडली. ते दहा सेंटिमीटरपर्यंत उघडते ते कळांच्या जोराने आणि खाली सरकणाऱ्या बाळाच्या डोक्याच्या दाबाने. या दोन्हींपैकी एकाही गोष्टीवर आईच्या इच्छाशक्तीचा ताबा नसतो. बाळाचा चेहरा आईच्या पाठीकडे असण्याऐवजी पोटाकडे असला, किंवा डोके थोडे तिरके उतरू लागले, तर चांगल्या कळा येऊनही वाट अडू शकते. अशा वेळी बाई नाजूक आहे की कणखर, ओरडते की ओठ घट्ट मिटून घेते, यावर काहीच अवलंबून नसते.

शिवाय तुमच्या मनात घड्याळ बसलेले दिसते. सकाळी तीन, दुपारी पाच, संध्याकाळी सात हे आकडे तुम्ही परीक्षेच्या गुणांसारखे लिहिले आहेत. ताशी एक सेंटिमीटर हा जुना हिशेब प्रत्येक बाईला लावू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2018 च्या प्रसूतीविषयक शिफारशींमध्ये सांगितले आहे. खऱ्या वेगाच्या कळा पाच सेंटिमीटरपासून पुढे धरायच्या आणि तेथून पूर्ण उघडेपर्यंत पहिलटकरणीला बारा तासांपर्यंतचा वेळ लागू शकतो, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे रात्री दोनपासून दुपारपर्यंतचा जो काळ तुम्हाला स्वतःचे अपयश वाटतो, ती पहिल्या बाळंतपणाची नेहमीची संथ सुरुवात होती.

सिझेरियनबद्दल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातील साधारण दर चौथे बाळंतपण शस्त्रक्रियेने झाल्याचे दिसते, आणि त्यांतील काही टाळता आली असती असे माझे स्पष्ट मत आहे. तुमची हकिगत तशी वाटत नाही. सात सेंटिमीटरवर वाट अडलेली असताना बाळाचे ठोके खाली जाणे, हे थांबू नये असे कारण आहे. तरीही माझ्या वाटण्यावर विसंबू नका, कारण खरे उत्तर तुमच्या केस पेपरमध्ये आहे.

तुमच्या पत्रातील मला सर्वांत खटकलेले वाक्य सिस्टरांचे नाही. डॉक्टरांनी काय ते बाबांना सांगितले, हे ते वाक्य. एकोणीस तास कळा तुम्ही सोसल्या, पोट तुमचे कापले गेले, आणि ते का कापले हे व्हरांड्यात उभ्या असलेल्या दुसऱ्याच माणसाला कळले. ज्या गोष्टीचे कारण आपल्याला कोणी सांगितलेले नसते, तिचे कारण मन स्वतःच तयार करते, आणि बाईचे मन बहुधा एकच कारण तयार करते : माझेच चुकले असेल. म्हणून रुग्णालयाकडे लेखी अर्ज करून तुमच्या कागदपत्रांच्या प्रती मागवा. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारविषयक नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागितल्यावर 72 तासांच्या आत ती द्यावी लागतात. तुम्हाला त्या दारातून आत जाण्याची गरज नाही. तुमच्या सहीचे पत्र घेऊन बाबा किंवा पती जाऊ शकतात. त्यात बहुधा पार्टोग्राफ नावाचा तक्ता असेल. कळा, तोंड उघडणे आणि बाळाचे ठोके यांची वेळेनुसार नोंद त्यात असते. दुसऱ्या एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे तो घेऊन बसा आणि ओळीवर बोट ठेवून विचारा, इथे काय झाले, मग इथे काय झाले.

टेबलावरची थडथड ही पाठीत इंजेक्शन देऊन केलेल्या भुलीनंतर पुष्कळ जणींना होते. ती जीव जाण्याची खूण नव्हती. पण कोणी दोन शब्दांत तसे सांगितले असते तर तुमची ती दहा मिनिटे वेगळी गेली असती. मुलीला गालाशी आणल्यावर काहीच न वाटणे हेही तुम्हाला वाटते तसे दगडाचे काळीज नाही. एकोणीस तासांचा थकवा, भूल आणि भीती यांच्याखाली शरीर आधी झोप मागते. पान्हा फुटावा तशी माया त्याच क्षणी फुटते, हे आपण कथा-कीर्तनांतून ऐकलेले असते. पुष्कळ आयांच्या बाबतीत ती दुपट्यांच्या घड्या घालता घालता, चौथ्या-पाचव्या आठवड्यात केव्हातरी येऊन बसते.

सिस्टरांच्या वाक्याबद्दल मी सौम्य बोलणार नाही. ते वाक्य अपमानकारक होते. त्याहून वाईट वाक्येही मला पत्रांतून वाचायला मिळाली आहेत आणि ती येथे छापता येणार नाहीत. प्रसूतीच्या वेळी बाईला सन्मानाने वागवावे आणि तिच्या पसंतीचे माणूस तिच्याजवळ असावे, या दोन्ही गोष्टी जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच शिफारशींमध्ये आहेत. केंद्र सरकारनेही 2016 मध्ये सरकारी रुग्णालयांतील प्रसूतिकक्षात नात्यातील एका स्त्रीला सोबत राहू देण्याची भूमिका घेतली. तुमच्या आईला बाहेर बसवणे हा त्या रुग्णालयाचा रिवाज असेल, वैद्यकशास्त्राची गरज नव्हे. रुग्णालयाला तक्रारीचे पत्र लिहावे की नाही, हे तुम्ही ठरवा. लिहिलेत तर ते वाक्य अवतरणात, जसेच्या तसे लिहा.

माझी मुलगी 1991 मध्ये एका तालुक्याच्या गावी झाली. त्या रात्रीचे मला दोनच गोष्टींचे स्पष्ट स्मरण आहे : भिंतीवरचे चार वाजायला वीस मिनिटे असताना बंद पडलेले घड्याळ, आणि प्रत्येक कळेला माझ्या कमरेवर मुठीची हाडे दाबून चोळणारी एक आया, जिचे नाव मी विचारले नाही. माझी आई बाहेरच्या बाकावर होती. तिने त्या रात्री काय केले, हे मी तिला अकरा वर्षांनी विचारले. ती म्हणाली, कॉफीचा थर्मास मांडीवर घेऊन बसले होते, तुझा आवाज आला की झाकण घट्ट करायची. सकाळी ते कोणालाही उघडता येईना. आम्ही दोघी खूप हसलो आणि मग बराच वेळ गप्प बसलो. तुम्ही अकरा वर्षे थांबू नका. त्या दिवसाचा अर्धा भाग तुमच्याकडे आहे आणि अर्धा तुमच्या आईकडे; एखाद्या दुपारी, मुलगी झोपली असताना, तिला तिचा अर्धा भाग सांगायला लावा. पतींना मात्र स्पष्ट सांगा की मला सल्ला नको आहे, अर्धा तास फोन बाजूला ठेवून फक्त ऐका. ते तेथे नव्हते याची टोचणी त्यांनाही असेल. "विसर" हे पुष्कळदा स्वतःलाच सांगितलेले असते.

सासूबाईंशी वाद घालण्यात ताकद घालवू नका. एकोणीस तास कळा आणि वर शस्त्रक्रिया, म्हणजे तुम्ही दोन्ही सोसले आहे. हे वाक्य एकदा शांतपणे त्यांना ऐकवा आणि विषय बदला. (त्यांच्या बाळंतपणाची हकिगत कधीतरी विचारून पाहा. कोणी कधी विचारलीच नसेल, अशी मला शंका आहे.)

आता थोडे कठोरपणे लिहिते. बाळंतपणानंतर पहिल्या दिवसांत विनाकारण रडू येते आणि ते साधारण दोन आठवड्यांत ओसरते. तुम्हाला तीन महिने झाले आहेत, मूल झोपलेले असतानाही झोप येत नाही, ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येते आणि ती इमारत तुम्ही टाळता. यावर डिंकाचे लाडू आणि शेक-शेगडी पुरत नाही. याला मानसोपचारतज्ज्ञांची मदत लागते आणि ती घेतल्याने बरे वाटते. औषध द्यावे लागले, तर अंगावर पाजत असताना चालणारी औषधेही आहेत. तुम्ही पाजत आहात हे आवर्जून सांगा. सरकारच्या टेली-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही विनामूल्य बोलता येते, मराठीतही. तुम्ही लिहिलेले नाही, तरी विचारते : स्वतःला किंवा बाळाला काही करावे असे विचार कधी मनात येतात का? येत असतील, तर भेटीची वेळ मिळण्याची वाट न पाहता आजच हा फोन करा आणि घरातील एका माणसाला उघडपणे सांगा.

दुसऱ्या मुलाचा निर्णय आज घ्यायचा नाही. एका सिझेरियननंतर पुढचे बाळंतपण नैसर्गिक होणे पुष्कळ जणींना शक्य असते, मात्र ते तातडीने शस्त्रक्रिया करता येईल अशाच ठिकाणी व्हावे लागते, आणि टाक्यांना भरून यायला पुरेसे अंतर लागते. निर्णयाला घाई नाही, पण गर्भनिरोधनाला आहे. अंगावर पाजते म्हणजे दिवस राहणार नाहीत, या भरवशावर राहू नका आणि कागदपत्रे घेऊन ज्या डॉक्टरांकडे जाल त्यांच्याशीच तेही बोला.

राहिली लस. सहा आठवड्यांची हुकलेली मात्रा देता येते आणि त्यासाठी सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागत नाही. दहा आणि चौदा आठवड्यांच्या मात्रा केव्हा द्यायच्या ते नवीन तारखा पाहून ठरवतील. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती विनामूल्य मिळते. बाळाचे कार्ड घ्या आणि याच आठवड्यात आईला सोबत घेऊन जा.

पट्टी ठेवा. तिच्यावर तुमचे नाव आहे आणि मुलीच्या जन्माची वेळ आहे. सध्या ती साड्यांच्या तळाशी राहिली तरी चालेल.