वारी आजोबांची, पेरणी आजींची

प्रश्न : आमचे आजोबा गेल्या मार्गशीर्षात गेले. पलूस तालुक्यात कृष्णाकाठी आमचं गाव. आजोबा माळकरी. दरसाल किर्लोस्करवाडीला रेल्वेत बसून लोणंदला उतरायचे आणि तिथून माउलींच्या पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत चालत जायचे. गावच्या सप्ताहात त्यांचा वीणेचा पहारा ठरलेला. वर्षश्राद्धाला घरची छोटी स्मरणिका काढायची आहे. मी शिक्षिका, म्हणून लिहिण्याचं काम चुलत्यांनी माझ्याकडं दिलं. पण ‘धर्मपरायण, कुटुंबवत्सल, परोपकारी’ याच्या पुढं हात सरकत नाही. त्यात आजी परवा म्हणाली, “वारी त्यांनी केली, पेरणी मी केली. लिहिणार असलीस तर तेही लिही.” चुलत्यांचं म्हणणं, गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं. मी काय करू?
— एक वाचक, जि. सांगली

उत्तर : ताई, आजी बोलल्या ते चांगलंच आहे. पहिल्या पानावर घ्या.

माझे आजोबा तरडगावचे, शिंपीकाम करायचे. फलटण तालुक्यातलं हे पालखीच्या मुक्कामाचं गाव. लोणंद सोडलं की वाटेत चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं आणि मग पालखी आमच्याकडं येते. त्यामुळं आजोबा आषाढीला कधी पंढरपूरला गेले नाहीत, कार्तिकीला जायचे. आषाढीच्या आधी त्यांची जागा ओट्यावर. शिलाई मशीन आदल्या रात्रीच बाहेर यायचं, तेलपाणी व्हायचं. दिंड्या उतरल्या की फाटलेल्या पडशा, पिशव्यांचे तुटलेले बंद, उसवलेली धोतरं, पताकांच्या किनारी, जे समोर येईल ते शिवून द्यायचे. पैसे घ्यायचे नाहीत. राहुटीचं जाड कापड मशीन घेत नसे. ते दाभण आणि सुतळी घेऊन कंदिलाच्या उजेडात हातानं शिवत बसायचे. नामदेव महाराज शिंपी होते, याचा त्यांना फार अभिमान. आषाढ वद्य त्रयोदशीला, नामदेवांच्या समाधीच्या दिवशी, गिऱ्हाईक कितीही अडलेलं असो, मशीनला हात लावायचे नाहीत.

एवढं सांगितल्यावर ते भाविक होते, सेवाभावी होते, असं मी वेगळं कशाला लिहू?

आणि त्याच मुक्कामाला घरात काय चालायचं? आजी, आई, दोन्ही काकू पहाटेपासून चुलीपुढं. भाकऱ्यांच्या चवडी, पिठलं, ठेचा. ओट्यावर वारकरी आजोबांच्या पाया पडायचे, आजोबा त्यांच्या पडायचे. आत धुरात भाकरी थापणारीला कोण माउली म्हणणार? लहानपणी मी या दोन्ही ठिकाणी वावरत होते. आजोबांवरची माझी माया त्यानं तसूभरही कमी झाली नाही. पण त्यांच्याविषयी सांगताना चुलीपुढच्या बायकांना वगळणं मला आजही जमत नाही, आणि तुम्हीही वगळू नका.

तुमच्याकडं तर हिशेब उघडच आहे. पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते. मृगाचा पाऊस लांबला की पेरणी आणि वारी एकमेकींवर येतात. अशा साली रानात कोण होतं ते आजींना विचारा. बैल घरचे की सावडीचे, म्हणजे शेजाऱ्याशी भागीत जुंपलेले? बी सोडायला पाभरीच्या चाड्यावर मूठ कुणी धरली? तुमचे चुलते तेव्हा केवढे होते? आजोबा परतल्यावर आधी देवघरात जायचे की रानात? चुलत्यांना सांगा, ही आजोबांची उणीदुणी नव्हेत. घर निर्धास्तपणे जिच्यावर टाकून जाता आलं, तिचं नाव त्यांच्या वारीत असायलाच हवं. मला वाटतं आजोबाही नाही म्हणाले नसते.

आता वीणा. सप्ताहात ती सात दिवस खाली टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. त्यासाठी पहाऱ्यांची यादी करतात. देवळातल्या जुन्या वह्या, वर्गणीच्या, शिध्याच्या, पहाऱ्याच्या, ज्या मिळतील त्या मागून घ्या आणि आजोबांच्या नावापुढं वेळ काय लिहिली आहे ते बघा. मध्यरात्रीनंतरचा पहारा हौसेनं मागणारे थोडेच. तो वर्षानुवर्षं त्यांच्या नावावर निघाला, तर वहीच्या त्या पानाचा फोटोच छापा. त्यांच्या आधी आणि नंतर पहाऱ्याला उभं राहणारे कुणी हयात असतील तर त्यांना भेटा. घरच्यांना माहीत नसलेले आजोबा त्यांच्याकडं सापडतील.

सालांसाठी म्हाताऱ्या माणसांना आकडे विचारू नका. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून असेल तर तीही मास्तरांनी घातलेली असण्याचा संभव मोठा. त्यापेक्षा असं विचारा : कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे (११ डिसेंबर १९६७) ते कुठं होते? १९७२च्या दुष्काळात कुठल्या कामावर कोण गेलं होतं? सुकडी, दुष्काळातला तो कोरडा खाऊ, कुठं वाटत होते? तुम्ही कृष्णाकाठच्या, तेव्हा २००५ आणि २०१९चा महापूर तर विचाराच. पाणी चढायला लागल्यावर जनावरं कुणी सोडली, कुणाच्या माडीवर कोण राहिलं, कुणाला कुणाच्या घरातलं धान्य पुरलं. ‘परोपकारी’ लिहून जे सांगायचं होतं ते अशा उत्तरांत आपोआप येईल. आणि आजोबांनी फार काही केलेलं नाही असं निघालं, तर ज्यांनी केलं त्यांची नावं घाला. माळकरी माणसाला ते आवडेल.

वंशावळ एका पानात आटपा. पुढाऱ्यांचे शोकसंदेश घेऊ नका, त्या पानांवर शेजाऱ्यांना लिहू द्या. अख्खा हरिपाठही छापायला नको, तो घरोघरी असतो. आजोबा काम करताना जो अभंग गुणगुणायचे तो एकच घ्या, आणि कधी म्हणायचे तेही लिहा : मोट सोडताना, धार काढताना, जेव्हा असेल तेव्हा.

अक्षर मोठं ठेवायला सांगा, वाचणारे निम्मे म्हातारे असतील. छापायला देण्याआधी सगळं आजींना वाचून दाखवा, चुलते समोर असताना. आजी जिथं “असं नव्हतं” म्हणतील तिथं थांबा, कसं होतं ते विचारा आणि त्या सांगतील तसं लिहा.