पणजीच्या पांढऱ्या चर्चचा इतिहास काय आहे? आम्ही पायऱ्यांवर फोटो काढून खालूनच परतलो. आत बघण्यासारखं काही आहे का?

तुम्ही पायऱ्यांवर फोटो काढून खालूनच परतलात आणि आता विचारताय, आत काही होतं का. होतं, आणि पुष्कळ होतं. माझी नऊ वर्षांची नोकरी त्या चर्चसमोरच्या चौकातच झाली. डबा खाऊन झाला की दहा मिनिटं आत जाऊन बसायची सवय लागली होती. गोव्यात चर्चला इगर्ज म्हणतात, मीही तेच म्हणतो.

ही निष्कलंक गर्भसंभव मातेची, म्हणजे येशूची आई मेरीची इगर्ज. सगळीकडे तिच्यापुढे १५४१ हे साल लिहिलेलं दिसतं, पण त्या साली टेकडीच्या उतारावर होतं ते एक छोटं प्रार्थनाघर. पणजी तेव्हा मांडवीच्या तोंडाशी असलेली लहानशी वस्ती. राजधानी होती नदीतून आणखी वर, आज ज्याला आपण ओल्ड गोवा म्हणतो तिथे. लिस्बनहून कित्येक महिन्यांचा प्रवास करून गलबतं नदीत शिरली की खलाशी आधी इथे यायचे, जीव वाचला म्हणून मातेचे आभार मानायचे आणि मगच पुढे जायचे. १६१९ मध्ये त्या जागी मोठी इगर्ज बांधली गेली. तुमच्या फोटोत आहे ती मात्र १६१९ चीही जशीच्या तशी नाही. त्या नागमोडी पायऱ्यासुद्धा मूळच्या नाहीत, मागाहून आल्या.

फोटो मोठा करून दर्शनी भाग नीट बघा. कडेचे दोन्ही मनोरे ठेंगणे आहेत आणि मधला भाग एकदम वर चढलाय. त्याच्या माथ्यावर कमानीत एक घंटा टांगलेली दिसेल. गोव्यातल्या बऱ्याच इगर्जींत घंटा बाजूच्या मनोऱ्यात असते. इथे ती मधोमध आहे, कारण ती इथली नाहीच.

ती ओल्ड गोव्यातल्या ऑगस्टिनियन या ख्रिस्ती साधूंच्या मठाची. त्यांच्या चर्चचा मनोरा १६०२ सालचा, ४६ मीटर उंच. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने सगळे साधुसंघ बरखास्त केले, मठ ओस पडला आणि १८४२ मध्ये चर्चचं छत कोसळलं. घंटा आग्वादच्या किल्ल्यावर दीपगृहात गेली आणि तिथून १८७१ मध्ये पणजीला आली. वजन सुमारे सव्वादोन टन. गोव्यात हिच्याहून मोठी घंटा एकच, ओल्ड गोव्याच्या से कॅथेड्रलमधली. एवढा भार पेलायचा म्हणून इगर्जीचा मधला भाग नव्याने बांधून उंच केला. म्हणजे तुम्हाला जे रूप आवडलं, ते त्या घंटेसाठी घडलेलं आहे. मला ही गोष्ट कळली त्या दिवसापासून मी या इमारतीकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागलो.

नाशिकची नारोशंकराची घंटा तुम्हाला ठाऊक असेलच. तीही पोर्तुगीज, वसईच्या विजयाची खूण म्हणून देवळावर चढलेली. तिच्यामागे लढाई होती. पणजीच्या घंटेमागे एक अख्खं शहर ओस पडणं आहे. साथींच्या रोगांनी जुनी राजधानी रिकामी केली. १७५९ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय पणजीच्या आदिलशाही राजवाड्यात राहायला आला आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. जुन्या शहरातलं जे हलवता आलं ते लोकांनी हलवलं. ओल्ड गोव्यातल्या कितीतरी इमारतींचे चिरेसुद्धा इकडे येऊन घरांत बसले.

आता आतलं. बाहेरचा तो लखलखीत पांढरा रंग बघून आत शिरलं की आधी काहीच दिसत नाही. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या जाड भिंती, गारवा, मेणाचा वास. थोडं थांबा. मग समोरची मुख्य वेदी हळूहळू उजळते. लाकडावर कोरलेलं, सोन्याचा मुलामा दिलेलं, बरोक या नटव्या युरोपीय शैलीतलं काम आहे, वेलबुट्टी आणि पिळाचे खांब. दोन बाजूंना आणखी दोन वेद्या, एक रोझरीच्या मातेची, दुसरी क्रुसावरच्या येशूची. बहुतेक लोक एवढं बघून फिरतात. तुम्ही उजवीकडे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या कपेलाकडे, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहाकडे जा. तिथली वेदीमागची कोरीव चौकट त्याच आदिलशाही राजवाड्यातल्या प्रार्थनागृहातून १९१८ मध्ये आणलेली आहे. घंटेसारखीच हीसुद्धा दुसऱ्या घरची. मी बहुतेक वेळा तिच्यासमोरच्या बाकावर बसायचो. दुपारी खिडकीतून उन्हाची एक तिरीप यायची आणि मुलामा झिजून जिथे खालचं लाकूड उघडं पडलंय, तेवढी जागा तांबूस दिसायची.

पांढऱ्या रंगाबद्दलही सांगायला हवं. चिरा सच्छिद्र दगड, पाणी पितो. गोव्याचा पाऊस त्याला उघड्यावर सोसत नाही, म्हणून चुन्याचा गिलावा आणि वर सफेदी. ओल्ड गोव्याच्या बॉम जेझू चर्चचा बाहेरचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकला, दगड 'जुना' दिसावा म्हणून. तेव्हापासून तो चिरा दर पावसाळ्यात झिजतोय. ते बघून पणजीला आलं की दर वर्षी सफेदी देणाऱ्या माणसांचं मोल कळतं.

पुन्हा याल तेव्हा शक्यतो ८ डिसेंबरच्या सुमारास या. मातेचं फेस्त, म्हणजे वार्षिक उत्सव असतो. इगर्जीवर दिव्यांच्या माळा, खाली चौकात फेरी, म्हणजे जत्रेचा बाजार भरतो. खाजेकारांच्या दुकानांत गूळ-आल्याच्या खाज्यांचे ढीग असतात, ते कागदात बांधून घ्या. आत जाताना खांदे-गुडघे झाकलेले असू द्या आणि मिस, म्हणजे सामूहिक प्रार्थना चालू असेल तर कॅमेरा पिशवीत ठेवून मागच्या बाकावर बसा, कोणी उठवत नाही.

सकाळी मात्र आधी ओल्ड गोव्याला जा, ऑगस्टिनियन मठाच्या अवशेषांपाशी. तो मनोरा आता अर्धाच उभा आहे, दर्शनी भाग आणि उरलेला अर्धा १९३१ मध्ये पडला. त्याच्या पायथ्याशी उभे राहून वर बघा, मग पणजीला परत या आणि संध्याकाळची घंटा होईपर्यंत चौकात थांबा.