ठोकलेली इलेक्ट्रिक गाडी शेडमध्ये घेण्याआधी

अपघातातली किंवा पाण्यात बुडालेली गाडी थेट शेडमध्ये घेऊ नकोस. उघड्यावर, चहूबाजूंनी १५ मीटर जागा सोडून ठेव. बॅटरी पॅक म्हणजे अनेक छोट्या सेलचा संच; त्यातला एक सेल आतून शॉर्ट झाला की तापतो, मग शेजारच्याला तापवतो. हे कधी तासांनी, कधी चक्क काही दिवसांनी होतं. थर्मल कॅमेऱ्याने पॅकचा तळ रोज बघ. एकच कोपरा बाकीपेक्षा गरम दिसला तर हात लावू नकोस. ‘फस्स’ आवाज, गोडसर वास, पांढरा धूर? ती वाफ नव्हे, विषारी आणि पेट घेणारा वायू आहे. बाहेर पळ, अग्निशमन दलाला ‘बॅटरीची आग’ असं स्पष्ट सांग. पावडरचा सिलिंडर ज्वाळा दाबतो, सेल थंड करत नाही. सेल थंड करायला भरपूर पाणीच लागतं. आणि सर्व्हिस प्लग (दुरुस्तीआधी पॅकची जोडणी तोडणारा प्लग) काढला तरी पॅकच्या आत व्होल्टेज राहतंच, नवखे नेमकं हेच विसरतात.