गाडी प्रत्येक फोटोत, बाबा एकाही नाही

प्रश्न : वडील गेल्यावर त्यांचा अल्बम माझ्याकडे आला. आमची जुनी गाडी जवळजवळ प्रत्येक फोटोत आहे, पण कुठे बॉनेट कापलेलं, कुठे नुसती डिकी. रंग तांबूस झालेत. गाडी आकाशी होती असं मी म्हणते, भाऊ राखाडी म्हणतो. फोटो पानांना घट्ट चिकटलेत. आणि कॅमेरा कायम बाबांच्या हातात, त्यामुळे ते स्वतः कुठेच नाहीत. या फोटोंचं काय करू?

उत्तर : ताई, बाबा कुठेच नाहीत हे इतक्यात मान्य करू नका. मी बरीच वर्षं डार्करूममध्ये काम केलं. जुन्या गाडीचा फोटो हातात आला की आजही माझी नजर आधी व्हीलकॅपवर जाते. क्रोमची ती फुगीर तबकडी म्हणजे बहिर्वक्र आरसा. समोरचं सगळं त्यात लहान होऊन मावतं, फोटो काढणाराही. बंपर, हेडलाइटची कड, दाराची काचही भिंगातून बघा. चेहरा ओळखू येईलच असं नाही, पण उभं राहायची ढब कळते. काही कॅमेऱ्यांत मान खाली घालून वरून बघावं लागे, तो माणूस कॅमेरा पोटाशी धरून उभा दिसतो.

सावल्याही सोडू नका. ऊन पाठीशी घेऊन फोटो काढावा, हा तेव्हाचा पहिला धडा असे, म्हणून सकाळ-संध्याकाळच्या फोटोंत काढणाऱ्याची सावली थेट गाडीच्या चाकांपर्यंत येते. आमच्या घरी कॅमेरा आईकडे असायचा. कोपरं बाहेर काढलेली, वेणी खांद्यावरून पुढे आलेली तिची सावली आमच्या गाडीच्या दारावर पडलेली आहे. तिच्या स्टुडिओतल्या फोटोंपेक्षा मला ती जास्त तिची वाटते.

एक कळकळीची विनंती. असं प्रतिबिंब सापडलं, तर फोटो ‘स्पष्ट’ करणाऱ्या ॲपमध्ये ते घालू नका. तिथे जे टिपलंच गेलेलं नाही, ते ॲप स्वतःच्या अंदाजाने भरतं. बाबांच्या जागी कुणा परक्याचा चेहरा तयार होईल. धूसर राहिलं तरी ते बाबाच असू देत.

त्यापेक्षा निगेटिव्ह शोधा. अल्बमच्या मागच्या खिशात, कपाटातल्या पाकिटांत, कुठेही असतील. छापताना फोटोच्या कडा थोड्या कापल्या जात, म्हणून प्रिंटमध्ये तुटलेलं बॉनेट निगेटिव्हमध्ये थोडं जास्त सापडू शकतं. बारकावेही तिथेच जास्त असतात. निगेटिव्ह ३२०० डीपीआयला (म्हणजे दर इंचाला इतके ठिपके) स्कॅन करून घ्या. नुसती प्रिंट असेल तर ६०० पुरे.

फोटो ओढून काढू नका. आधी प्रत्येक पानाचा आहे तसा फोटो घ्या. मग मेण न लावलेला डेंटल फ्लॉस फोटोमागून करवतीसारखा हलकेच सरकवा. अडलं तर थांबा आणि तो फोटो पानासकट ठेवा. सुटलेल्या फोटोंच्या पाठीवर मऊ पेन्सिलनेच लिहा, बॉलपेनचे वळ पुढून उमटतात. पांढऱ्या कडेवर महिना-वर्ष छापलेलं असेल, तर ते रोल धुऊन फोटो छापल्याचं असतं. फोटो त्याआधीचा, कधी कधी बराच आधीचा.

आता रंग. रंगीत प्रिंटमध्ये निळसर, किरमिजी आणि पिवळा असे तीन रंगद्रव्यांचे थर असतात. अल्बमच्या अंधारातही जुन्या प्रिंटमधलं निळसर द्रव्य बहुधा सर्वांत आधी उडतं आणि फोटो तांबूस होतो. म्हणजे तुमची आकाशी गाडी हळूहळू राखाडी दिसू लागली असणं अगदी शक्य आहे. भाऊ कदाचित गाडी नव्हे, फोटो आठवत असेल. स्कॅन केल्यावर फोटोतला पांढरा शर्ट पांढरा आणि टायर काळा दिसेपर्यंत रंग जुळवा. गाडी आपोआप मूळ रंगाच्या जवळ येईल. निगेटिव्हचेही रंग उतरतात, तेव्हा तेही एकदा ताडून बघा. कृष्णधवल फोटोंवरून मात्र हा वाद मिटवू नका. त्यांत वेगवेगळे रंगही एकाच करड्या छटेचे दिसू शकतात.

हे सगळं भावाला दाखवण्याआधी दोघांनी वेगवेगळं बसून गाडीबद्दल आठवेल ते लिहून काढा: सीटचं कापड, कुठलं दार जोरात ओढावं लागे, मागच्या सीटवर कोण कुठे बसायचं. एकाचं ऐकून दुसऱ्याची आठवण बदलते, म्हणून आधी लिहा आणि मग अल्बम उघडून ताडून बघा. व्हीलकॅपमध्ये बाबा सापडले तर मला जरूर कळवा.