खुळखुळ्यांचा गलका, पेल्यांचा सूर

प्रश्न : अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची २५ मुलं आहेत. बाटल्यांत ज्वारी भरून खुळखुळे केले, पण दोन मिनिटांत नुसता गोंगाट होतो. काय चुकतं?
– एक सेविका, ता. रेणापूर, जि. लातूर

उत्तर : ताई, खुळखुळे सगळ्यांच्या हाती एकदम गेले की आपल्याच बाटलीचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून मूल आणखी जोरात हलवतं. एका वेळी पाच-सहा जणांनाच द्या. आणि वाजवण्याआधी थांबायला शिकवा: तुमचा हात वर गेला की बाटली मांडीवर.

मग जोड्या लावायचा खेळ घ्या. २०० मिलीच्या सहा सारख्या बाटल्या घेऊन दोनांत ज्वारी, दोनांत चिंचोके, दोनांत बारीक कोरडी वाळू भरा. पाव बाटलीच भरा. गच्च भरली की दाण्यांना हलायला जागा राहत नाही, आवाज बसतो. जोडीतलं माप एकच हवं. बाहेरून वर्तमानपत्र चिकटवा, नाहीतर मुलं कानाऐवजी डोळ्यांनी जोडी लावतात. झाकण चिकटवून वर टेप गुंडाळा आणि प्लॅस्टिकला तडा गेलाय का, हे दर आठवड्याला बघा. या वयात दाणा नाकाकानात जातो, चिंचोका घशात अडकतो. इथे हयगय अजिबात नको.

खोलीत आवाज घुमत असेल तर खाली सतरंजी, भिंतीला जुनी वाकळ लावा.

गावात हलगी वाजवणारे असतील तर जरूर बोलवा, पण अंगणात. बंद खोलीत तो आवाज लहान कानांना सोसत नाही. हलगी शेकण्याआधी एकदा आणि शेकल्यावर एकदा वाजवायला सांगा. कातड्यातला ओलावा उडतो, ते ताणलं जातं आणि ढब्ब आवाज खणखणीत होतो. हा फरक मुलांनाच सांगू द्या.

प्रश्न : पेल्यात पाणी वाढवून चमच्यानं वाजवलं तर सूर उतरतो, बाटलीत पाणी वाढवून फुंकलं तर चढतो. असं का?
– एक शिक्षिका, परभणी

उत्तर : चमच्यानं पेला थरथरतो. पाण्याच्या भारानं ती थरथर सावकाश होते, सूर उतरतो. फुंकताना थरथरते ती बाटलीतली हवा; पाणी वाढलं की हवेला जागा कमी, सूर चढतो. पाच वर्षांच्या मुलाला हे सांगायची घाई नको. वाजत्या पेल्याला बोट लावू द्या: थरथर कळते आणि आवाज तिथंच थांबतो. फुंकायला मात्र ज्याची त्याची बाटली वेगळी ठेवा.