निवड झाली आणि झोप उडाली

“मॅडम, दीड वर्ष नोकरी नव्हती तेव्हा ही धड होती. आता पत्र आलंय, तर जेवत नाही की झोपत नाही. असं कसं हो?”

चिपळूणला समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या एका आईचा हा प्रश्न. बँकेत लागलेल्या, रेल्वेत लागलेल्या, पोलीस भरतीत निवडल्या गेलेल्या मुलांचे आईवडीलही मला हेच विचारतात. ही मुलगी वैमानिक होती. मालवाहू विमानं उडवणाऱ्या एका कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक म्हणून तिची निवड झाली होती आणि प्रशिक्षण जूनमध्ये सुरू व्हायचं होतं. गुहागर तालुक्यातलं खाडीकाठचं गाव, वडील बोटीवरून निवृत्त झालेले, थोडी आंब्याची कलमं. तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि नाव मुद्दामच देत नाही.

आईला बाहेर बसवलं. मुलीने खुर्चीत टेकायच्या आधीच मला विचारलं, “मी इथे आले हे कुठे लिहिलं जातं का? माझं मेडिकल जाईल का?”

या प्रश्नावर आधी बोलायला हवं, कारण तो मनात असल्यामुळे कितीतरी जण कुणाकडे जातच नाहीत. व्यावसायिक वैमानिकाला ‘क्लास वन’ वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं आणि ते ठरावीक मुदतीने पुन्हा पुन्हा मिळवावं लागतं. ते नसेल तर लायसन्स खिशात असूनही उडता येत नाही. त्यामुळे डोकं दुखलं तरी सांगायचं नाही, झोप येत नसली तरी सांगायचं नाही, अशी सवय शिकाऊ असल्यापासूनच लागते. 24 मार्च 2015 रोजी जर्मनविंग्जचं विमान फ्रान्सच्या आल्प्समध्ये सहवैमानिकाने जाणूनबुजून पाडलं आणि 150 माणसं गेली. त्याने आपला आजार कंपनीपासून लपवला होता. त्यानंतर युरोपने प्रत्येक विमान कंपनीला वैमानिकांसाठी सहकारी-आधार योजना सक्तीची केली. म्हणजे वैमानिकाला आपल्याच पेशातल्या, प्रशिक्षण घेतलेल्या माणसाशी मोकळेपणी बोलता यावं. आपल्याकडेही 2023 मध्ये डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेने, वैमानिकांच्या मानसिक आरोग्यासाठी सूचना काढल्या आणि त्यात अशा योजनेचा समावेश केला.

मी तिला एवढंच सांगितलं : मोठा बदल समोर असताना घाबरणं हा आजार नाही. जिवाला धोका दिसला तर गोष्ट वेगळी, एरवी तुझं बोलणं तुझ्या संमतीशिवाय या खोलीबाहेर जाणार नाही. पण मेडिकलच्या फॉर्मवर आजाराबद्दल, औषधाबद्दल विचारलं तर खरंच लिहायचं. आणि कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने घ्यायची नाही.

शेवटचं वाक्य ऐकून तिने मान खाली घातली. झोप यावी म्हणून ती रोज रात्री सर्दीची गोळी घेत होती. गुंगी येते म्हणून. ही साधी वाटणारी गोळी वैमानिकाला किती महागात पडू शकते हे तिला पुस्तकातून ठाऊक होतं, तरी घेत होती. माणूस एकटा पडला की असंच होतं. ती गोळी त्याच दिवशी बंद झाली. खाणं, झोप, रोजची कामं याबद्दल विचारलं, जीव नकोसा वाटतो का हेही सरळ विचारलं. तसं नव्हतं. असतं तर तिला आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं आणि विमानवैद्यक डॉक्टरांनाही विचारायला लावलं असतं. रुजू होण्याची तारीख मग पुढे गेली असती तरी चाललं असतं.

मग भीतीची गाठ सोडवायला बसलो. “नक्की कशाची भीती वाटते?” याला पहिलं उत्तर नेहमी “सगळ्याचीच” असं असतं. ‘सगळ्याचं’ काही करता येत नाही, त्याचे तुकडे करावे लागतात. तिचा सगळ्यात खोलवरचा तुकडा ऐकून मला तिची कणव आली. निवडीच्या वेळी मानसशास्त्रीय चाचणीत तिने ‘मी ताणात शांत राहते’ अशा अर्थाच्या उत्तरावर खूण केली होती. “आणि आता बघा माझी अवस्था. म्हणजे मी फसवूनच आत शिरले ना?”

पुढच्या वेळी तिला लॉगबुक आणायला सांगितलं. जाड पुठ्ठ्याची वही, आत बारीक रकाने : तारीख, विमान, कुठून कुठे, किती वेळ, शेरा. व्यावसायिक लायसन्ससाठी लागणाऱ्या 200 तासांचा सगळा हिशेब त्यात होता. मी एकेका ओळीवर बोट ठेवायचे, ती काय घडलं ते सांगायची. एका ओळीपाशी ती अडखळली. एकटीने दूरच्या विमानतळावर जायचं उड्डाण होतं. वाटेत धुरकं दाटलं, समोरचं दिसेना.

“घाबरलीस?”

“खूप.”

“मग काय केलंस?”

“रेडिओवर सांगितलं, वळले, परत आले.”

भीती असताना योग्य काम हातून होणं, यालाच तर त्या चाचणीत शांत राहणं म्हणतात. तिने खोटं लिहिलेलं नव्हतं. काम समोर असताना ती शांतच होती. आता समोर काम नव्हतं, नुसती वाट पाहणं होतं. दीड वर्षाच्या बेकारीने तिची हीच बाजू झिजवली होती. उड्डाण नाही, इन्स्ट्रुमेंट रेटिंगची (बाहेरचं दिसत नसताना नुसत्या उपकरणांवर उडवायच्या परवानगीची) मुदत सांभाळायची, बरोबरीचे कुठे कुठे लागलेले. अशा काळात आपल्याला काही येतं हे माणूस विसरायला लागतो.

सिम्युलेटरची, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमधल्या सरावाची, भीती तिला सीनियर्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपने दिली होती. ‘व्ही-वन कट’ला भलेभले कोसळतात, अमुक तमुक घरी गेला, वगैरे. मी म्हटलं, मला यातलं कळत नाही, तूच समजावून सांग. ती सांगायला लागली आणि सांगता सांगता तिचा आवाज बदलला. आधी कंपनीचे वर्ग : सुरक्षा, धोकादायक माल, आणीबाणीच्या कृती, कॉकपिटमधला समन्वय. मग टाइप रेटिंग, म्हणजे त्या विशिष्ट प्रकारचं विमान उडवायची परवानगी : इंधन, वीज, हायड्रॉलिक्स, एकेक यंत्रणा आणि त्यावर परीक्षा. मग सिम्युलेटर. साधारण चार तासांचं सत्र, दोघं शिकाऊ, निम्मा वेळ एकाने उडवायचं आणि दुसऱ्याने लक्ष ठेवायचं, मग अदलाबदल. व्ही-वन म्हणजे धावपट्टीवरचा तो वेग, ज्यानंतर एक इंजिन बंद पडलं तरी थांबायचं नाही, उडायचंच. नेमकं तिथेच प्रशिक्षक इंजिन बंद पाडतो. ते पुन्हा पुन्हा करून पाय आणि हात तयार करायचे. त्यापुढे स्किल टेस्ट, मग खऱ्या विमानात मागच्या जंप सीटवर बसून निरीक्षण, मग प्रशिक्षक कॅप्टनच्या शेजारी बसून सुपरवाइज्ड लाइन फ्लाइंग, म्हणजे कंपनीची नेहमीची उड्डाणं, आणि शेवटी रिलीज चेक, म्हणजे प्रशिक्षकाशिवाय उडायला मोकळं करणारी परीक्षा.

“म्हणजे पहिल्या दिवशी तुला काय काय यायला हवं आहे?” मी विचारलं.

ती बराच वेळ गप्प बसली. “या विमानाचं? काहीच नाही.”

हे तिला मी सांगून पटलं नसतं.

आता घर. खरं तर निम्मी भीती घरची होती. वडिलांना बोलावलं. उंच, सावळे, कमी बोलणारे. मालवाहू जहाजांवर सुकाणी म्हणून उमेदीची वर्षं घालवलेली. मुलीच्या प्रशिक्षणाला 50 लाखांच्या पुढे खर्च झाला होता, कलमांची जमीन बँकेकडे तारण होती. मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी आले, तेव्हा चुलत्याने ओसरीवर सगळ्यांदेखत विचारलं होतं, “पॅसेंजरमध्ये नाही मिळाली काय? म्हणजे हवेतला ट्रकच की!” त्यावर वडील काही बोलले नाहीत. मुलीने त्या गप्प बसण्याचा अर्थ लावला, की बाबांना माझी लाज वाटते.

मी त्यांना विचारलं, “काका, तुम्ही बोटीवर काय न्यायचात?”

“कोळसा, खत, गहू. कधी लोखंड.”

“माणसं?”

“नाय.” मग जरा थांबून म्हणाले, “मला कोण कमी नाय म्हणाला कधी.”

मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली.

मालवाहू विमानाबद्दल घरोघरी जो गैरसमज आहे तो इथे स्पष्ट करायला हवा. लायसन्स तेच, परीक्षा त्याच, टाइप रेटिंग तेच, सिम्युलेटरमधली कसोटीही तीच. मागे प्रवासी नसतात, केबिन क्रू नसतो. त्याऐवजी मालाचं वजन आणि तोल, तो नीट जखडला आहे की नाही, लिथियम बॅटऱ्यांसारखा आग लागू शकेल असा माल, यांची जबाबदारी असते. 25 मार्च 2020 ला देशातली प्रवासी उड्डाणं बंद झाली आणि दोन महिने बंद राहिली. मालवाहू विमानं त्या काळातही औषधं, तपासणीची सामग्री घेऊन उडत होती. आपला हापूस 2007 पासून अमेरिकेला जाऊ लागला, तोही विमानानेच. वाशीला पेट्या धाडणाऱ्या या वडिलांना हे वेगळं सांगावं लागलं नाही.

त्यांची खरी काळजी निराळी होती. “रात्रभर जागायचं, तेही पोरीने. तब्येत जाईल तिची.” ही काळजी खोटी नाही. मालवाहतूक बरीचशी रात्री चालते. पहाटे 2 ते 6 या वेळात शरीराची सावधता सगळ्यात खाली जाते आणि हे विमान वाहतुकीचे नियमही मान्य करतात. मी त्यांना विचारलं, बोटीवर तुमची वॉच कुठली होती?

“बारा ते चार. दुपारी आणि रात्री. कितीतरी वर्षं.”

पुढचं सत्र मी जवळजवळ बोललेच नाही. दिवसा कसं झोपायचं हे ते मुलीला सांगत होते. खिडकीला काळं कापड, नुसता पडदा चालत नाही. ड्युटीच्या आधी तासभर तरी पडायचं, झोप नाही आली तरी पडायचं. जागायच्या आधी भात चेपून खायचा नाही. झोपेच्या वेळी कोण आलं, कोण गेलं, उठायचं नाही. आणि सुट्टीत घरी आली की आईने “जरा उठ, मावशी आल्येय” म्हणायचं नाही, हे त्यांनी आईकडे बघून सांगितलं. अशी शिस्त सांगणारा माणूस घरातच होता आणि मुलगी रात्री दोन वाजता मोबाइलवर त्याच शिस्तीची माहिती शोधत होती.

पैशाचं बोलणं अवघड गेलं. बहुतेक पालकांप्रमाणे वडीलही म्हणत होते, “पैशाचं टेन्शन तू घेऊ नको.” माझं मत याच्या उलट आहे. आकडा न सांगता काळजी करू नको म्हटलं की मुलं मनातल्या मनात आकडा फुगवतात. या मुलीला वाटत होतं की एक टेस्ट चुकली तर जमीन जाईल. वडिलांनी बँकेचे कागद आणले. हप्ता किती, कधीपासून, प्रशिक्षणाच्या काळात हातात किती येणार, बॉण्ड किती वर्षांचा, मध्येच सुटलं तर किती भरावं लागेल, सगळं वहीत मांडलं. तंगी होती, पण एका टेस्टवर जमीन टांगलेली नव्हती. बॉण्डचा कागद सही करण्याआधी वकिलाला दाखवा, असं मी आग्रहाने सांगितलं आणि त्यांनी दाखवला. शेवटी वडील म्हणाले, “जमीन मी ठेवली. तो निर्णय माझा. तू तुझा अभ्यास बघ.” हे वाक्य मुलीला हवं होतं, आणि आकडे समोर असल्यामुळे ते पोकळ वाटलं नाही.

निघण्याआधीच्या आठवड्यात त्यांच्या पडवीत काय चालायचं ते आईने मला सांगितलं. कॉकपिटचं कागदी पोस्टर भिंतीला चिकटवलेलं, समोर प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीत मुलगी. शेजारी वडील, चष्मा लावून चेकलिस्ट वाचतात.

“स्पीडब्रेक?”

“आर्म्ड.”

“लँडिंग गिअर?”

“डाऊन.”

“फ्लॅप्स?”

“थर्टी, ग्रीन लाइट.”

मध्ये कुणी आलं तर वडील हात वर करून थांबवायचे. चुलत्यालाही त्यांनी तसंच थांबवलं म्हणे.

प्रशिक्षण सरळ पार पडलं असं नाही. सिम्युलेटरचं एक सत्र तिचं चांगलंच बिघडलं. इंजिन गेल्यावर तिने घाईत भलत्याच क्रमाने कृती केल्या, आणि प्रशिक्षकाने एक जादा सत्र लावलं. त्या रात्री तिने मला फोन केला नाही. कंपनीतल्या सहकारी-आधार योजनेतल्या एका सीनियरशी ती बोलली, मग वडिलांशी, आणि झोपली. मला चार दिवसांनी कळवलं. मला हेच हवं होतं.

अशी वेळ तुमच्या घरी आली असेल तर एवढं पाहा. रुजू होण्याआधीचे काही दिवस झोप उडणं, भूक मंदावणं होऊ शकतं. पण ते आठवडेच्या आठवडे चाललं, रोजची कामं थांबली, मरणाचे विचार यायला लागले, तर वाट पाहू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. मेडिकलच्या भीतीने मुलगा किंवा मुलगी गप्प असेल तर आधी त्या भीतीबद्दल बोला, बाकीचं नंतर.

ती मुलगी सध्या प्रशिक्षक कॅप्टनबरोबर लाइन फ्लाइंग करते आहे. रिलीज चेक अजून व्हायचा आहे.